विशेषनाम आणि नक्षी : छायाचित्रावरून भिंत सजविण्याच्या कलेविषयी काही विचार

१

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकमेकांना लागून वाढलेल्या नगरांच्या पट्ट्यात बुवापाडा नावाची वस्ती आहे. तिच्या नावाची घडण अगदी साधी आहे. ‘बुवा’ हे सामान्यनाम आणि ‘पाडा’ हेही सामान्यनामच. लहान वस्तीला पाडा म्हणण्याचा प्रघात ठाणे जिल्ह्यात जुना आहे. ही दोन सामान्यनामे एकत्र आली आणि एका ठरावीक स्थळाचे विशेषनाम सिद्ध झाले. भाषेत याच्या उलट दिशेनेही प्रवास होत असतो. पैठण हे एका नगराचे विशेषनाम. त्यावरून ‘पैठणी’ हे एका वस्त्रप्रकाराचे नाव झाले, आणि आज येवल्याच्या मागावर विणलेले वस्त्रही पैठणीच म्हणविते. इलकलवरून ‘इरकली’ आले. पुराणातील नारद बोलीत कोणत्याही कळलाव्या माणसाला नाव देऊन बसला. विशेषाचे सामान्य होणे आणि सामान्याचे विशेष होणे, या दोन्ही क्रिया भाषेला सारख्याच स्वाभाविक आहेत.

हे भाषिक प्रास्ताविक येथे करण्याचे कारण असे की, अभिकल्पाच्या शिक्षणक्रमात अलीकडे रूढ झालेल्या एका उद्योगाचे मर्म या भेदावाचून नीट उलगडत नाही. विद्यार्थ्याने स्वतः छायाचित्रे घ्यावीत, आणि त्यांवरून भिंतीवर चिकटवावयाच्या कागदांची व मोठ्या भित्तिचित्रांची मालिका सिद्ध करावी, असे या उद्योगाचे स्वरूप असते. मालिका एक, छायाचित्रे तीच, छापणारे यंत्रही एकच. त्यामुळे भिंतीवरचा कागद आणि भित्तिचित्र ही एकाच वस्तूची लहानमोठी रूपे आहेत, असा समज सहज होतो. हा समज चुकीचा आहे, आणि या प्रकारच्या कामातील बहुतेक दोष त्यातूनच उद्भवतात, असे दाखविण्याचा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट होईल. ‘भित्तिचित्र’ हा शब्द मराठीत स्थिर झालेला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांनी त्याला निश्चित अर्थ दिला. दुसऱ्या वस्तूला मात्र मराठीत सर्वमान्य नाव नाही. ‘भित्तिपत्रक’ हा शब्द जाहिरातीच्या व प्रचाराच्या कागदासाठी केव्हाच खर्ची पडला आहे. व्यवहारात ‘वॉलपेपर’ हाच शब्द चालतो. पण आज तो उच्चारताच बहुसंख्य भाषिकांच्या मनात भिंत येत नाही, हातातील फोनच्या पडद्यावरचे चित्र येते. हा अर्थबदल वाटतो तितका निरुपद्रवी नाही. फोनच्या पडद्यावर एकच चित्र एकदाच दिसते. भिंतीवरच्या कागदाचा धर्म नेमका याच्या उलट आहे. तेथे चित्र पुनःपुन्हा यावयाचे असते. शब्दाचा नवा अर्थ मनात धरून जुनी वस्तू घडवू पाहणारा विद्यार्थी पहिल्याच पावलाला चुकतो. येथे सोयीसाठी ‘भिंतकागद’ असा शब्द योजला आहे.

युरोपात रूढ असलेली भिंतकागदाची गुंडाळी सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १० मीटर लांब असते. १२ फूट रुंदीच्या भिंतीला अशा सात पट्ट्या लागतात. एका पट्टीच्या उजव्या कडेवरील रेषा पुढच्या पट्टीच्या डाव्या कडेवरील रेषेला बेमालूम मिळाली पाहिजे, आणि वरचे चित्र संपते तेथेच खालचे सुरू झाले पाहिजे. कधी ही जुळणी समोरासमोर असते, कधी पुढच्या पट्टीत नक्षी निम्म्या अंतराने खाली सरकवतात, म्हणजे डोळ्याला आडव्या ओळी जाणवत नाहीत. लाकडी ठशांनी किंवा रुळांनी छपाई होत असे त्या काळी हे आवर्तन कारागिरावर लादलेलेच होते. ठशाची लांबी किंवा रुळाचा परीघ संपला की नक्षीला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागे. संगणकीय छपाईने ते बंधन नाहीसे केले. वीस फूट लांबीचे चित्र एकदाही पुनरावृत्त न होता छापणे आज शक्य आहे. यंत्राने भेद पुसला, म्हणून तो कल्पनेतही पुसला गेला.

भित्तिचित्र म्हणून छायाचित्राचा वापर मात्र संगणकापूर्वीचा आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९३२ साली भरविलेल्या भित्तिचित्रांच्या प्रदर्शनात चित्रकारांबरोबर छायाचित्रकारांनाही स्थान दिले होते. पॅरिसमधील स्विस विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ल कॉर्ब्युझिए यांनी १९३३ साली एक भिंत छायाचित्रांनी मढविली. १९४८ साली तिच्या जागी रंगविलेले भित्तिचित्र आले. या उदाहरणांत छायाचित्र एका विवक्षित भिंतीसाठी होते. त्या भिंतीचे माप, तिच्यावर पडणारा प्रकाश आणि तिच्यासमोरून जाणारा माणूस हे सर्व त्या रचनेचे घटक होते.

३

छायाचित्र हे स्वभावतः विशेषनाम आहे. चित्रकार झाड काढतो तेव्हा ते कोणतेही झाड असू शकते. छायाचित्रातील झाड मात्र अमुक दिवशी, अमुक घटकेला, भिंगासमोर उभे असलेले तेच झाड असते. प्रकाशाने वस्तूला स्पर्श केला आणि तोच प्रकाश पटलावर उमटला, या कार्यकारणसंबंधामुळे छायाचित्राला साक्षीचे मूल्य येते. उलटपक्षी नक्षी हे सामान्यनाम आहे. भिंतकागदावरील वेल कोणत्या कुंपणावरची, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि विचारला जाऊ नये यातच नक्षीचे यश असते.

छायाचित्र साक्ष म्हणून किती मोलाचे, याचे उत्तर बुवापाड्याच्या विद्यार्थ्याला दूर शोधावयास नको. रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेस, वालधुनीच्या काठी, अंबरनाथचे शिवालय उभे आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष तेथील शिलालेखात आहे. हे वर्ष आज निःशंकपणे सांगता येत असले तरी ते सुखासुखी हाती आलेले नाही. डॉ. भाऊ दाजी यांनी त्या आकड्याचे वाचन ७८२ असे केले होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असे दुरुस्त केले. झिजलेल्या दगडावरील एका अंकाच्या वळणाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. शिलालेखाची प्रतिकृती जितकी प्रामाणिक, तितका असा वाद मिटण्याचा संभव अधिक. तिच्यात प्रतिकृतिकाराने सौंदर्यासाठी एक रेघ जरी सफाईदार केली, तरी साक्ष बिघडते.

याच मंदिराच्या भिंतींवर १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेची एक तुकडी काम करीत होती. प्राचीन वास्तूंच्या प्रतिकृती जतन कराव्यात असे सरकारी धोरण ठरल्यानंतर टेरी यांच्या देखरेखीखाली आराखडे काढणारे आणि साचे घेणारे लोक अंबरनाथला आले, आणि त्यांनी मंदिराची रेखाचित्रे, छायाचित्रे व शिल्पांचे साचे तयार केले. कलाशाळेची स्थापना १८५७ सालची. म्हणजे शाळा अवघी अकरा वर्षांची असताना अभिकल्पाचे शिक्षण आणि छायाचित्र यांची या गावाच्या भिंतीपाशी गाठ पडली होती. त्या तुकडीने एकाच भिंतीची तीन प्रकारे नोंद केली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रेखाचित्राने रचना सांगितली, साच्याने उठाव सांगितला, छायाचित्राने त्या दिवशीची अवस्था सांगितली. कोणत्याही एका साधनाने इतर दोहोंचे काम केले नाही. आजच्या विद्यार्थ्याकडून एकच छायाचित्र ही तिन्ही कामे करवून वर नक्षीचे चौथे कामही करवू पाहतो, आणि तेथे घोटाळा होतो.

४

हा घोटाळा प्रत्यक्षात कसा दिसतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने मंदिराच्या बाह्यभिंतीवरील एका शिल्पाचे छायाचित्र घेतले आणि त्याचा भिंतकागद केला. शिल्पाच्या खांद्यावर एक टवका उडालेला आहे. मूळ छायाचित्रात हा टवका इतिहास आहे. कोण्या पावसाने, कोण्या आघाताने तो झाला असेल. भिंतकागदावर तोच टवका दर ५३ सेंटिमीटरांनी, त्याच खांद्यावर, त्याच आकाराने येतो. एकदाच घडू शकणारी गोष्ट तीस वेळा घडलेली दिसते, आणि पाहणाऱ्याचा डोळा शिल्पावरून उठून त्या टवक्यांची रांग मोजू लागतो. अपघात पुनरावृत्ती सहन करू शकत नाही, आणि छायाचित्र अपघातांनी भरलेले असते. यामुळे असा कागद साक्षही उरत नाही आणि नक्षीही होत नाही. विशेषनाम सामान्यनाम होण्याच्या वाटेवर मध्येच अडकून पडते.

दुसरा दोष प्रकाशाचा. मंदिराचे मुख पश्चिमेस आहे. उतरत्या उन्हात घेतलेल्या छायाचित्रात उठावाच्या सर्व सावल्या एकाच बाजूला पडतात. हे छायाचित्र खोलीच्या चारही भिंतींवर आवर्तनाने लावले, तर समोरासमोरच्या भिंतींवर परस्परविरुद्ध दिशांनी ऊन पडल्यासारखे दिसेल, आणि खिडकीतून येणारा खरा प्रकाश त्यातील निदान एका भिंतीला खोटे पाडील. तेच छायाचित्र भित्तिचित्र म्हणून एकाच भिंतीवर, खिडकीच्या बाजूचा विचार करून योजले, तर चित्रातील सावली आणि खोलीतील सावली यांचा मेळ बसतो. जो गुण भिंतकागदात दोष होतो, तोच भित्तिचित्रात सामर्थ्य होतो.

तिसरी गोष्ट मापाची. ६००० गुणिले ४००० बिंदूंचे छायाचित्र हातात धरून पाहण्यास विपुल वाटते. तेच १२ फूट गुणिले ८ फूट भिंतीवर पसरले, तर इंचाला सुमारे ४२ बिंदू वाट्यास येतात. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून हे पुरेसे आहे; भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र चित्राऐवजी ठिपके दिसतील. पाहणारा कोठे उभा राहणार, याचा निर्णय छायाचित्र घेण्यापूर्वीच झाला पाहिजे.

५

मग छायाचित्रावरून भिंतकागद करूच नये काय, असा आक्षेप येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर अंबरनाथच्या त्याच भिंतीने देऊन ठेवले आहे.

हे शिवालय भूमिज शैलीचे आहे. या शैलीच्या शिखरावर चारही दिशांना एकेक उभा जालयुक्त पट्टा चढत जातो, त्याला लता म्हणतात; आणि दोन लतांमधील जागेत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती, म्हणजे कूट, एकावर एक ओळींनी रचलेले असतात. जसजसे वर जावे तसतसे हे कूट लहान होतात. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग ढासळला असला तरी ही योजना आजही ओळखता येते. म्हणजेच या वास्तूचा वरचा भाग संपूर्णपणे आवर्तनावर उभा आहे. खाली, भिंतीच्या उंचीवर, देवदेवतांची शिल्पे आहेत. त्यांपैकी प्रत्येक मूर्तीला स्वतंत्र मुद्रा, स्वतंत्र आयुधे आणि स्वतंत्र स्थान आहे. शिखरावरचा कूट हे सामान्यनाम, भिंतीवरची मूर्ती हे विशेषनाम. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या शिल्पकारांना काय परत यावे आणि काय एकदाच यावे, याची पक्की जाण होती. त्यांनी एकाच वास्तूत दोन्हींना जागा दिली, पण त्यांची गल्लत केली नाही.

विद्यार्थ्याने घ्यावयाचा धडा हाच. कूटांच्या ओळी, लतेचे जाल, थरांच्या आडव्या रेषा यांच्या छायाचित्रांतून भिंतकागद जन्माला येऊ शकतो, कारण मुळातच ते आवर्तनासाठी घडविलेले आहेत. तरीही छायाचित्र जसेच्या तसे वापरून भागणार नाही. सावली काढून टाकावी लागेल, टवके वगळावे लागतील, अनेक कूटांच्या छायाचित्रांतून एक सर्वसाधारण कूट रेखाटावा लागेल. भाषाशास्त्रात अनेक उच्चारांतून एक वर्ण निश्चित करतात, तशीच ही क्रिया आहे. या कामात छायाचित्र हे साधन होते, साध्य राहत नाही. मूर्तीच्या बाबतीत याच्या उलट नियम. तिची नक्षी करू नये. तिला भित्तिचित्रात एकदाच, तिच्या झिजेसह, येऊ द्यावे.

६

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, याची उदाहरणे इतिहासात आहेत. रिक्सहाइम येथील झ्युबेर यांच्या कारखान्याने १८०७ साली ‘हिंदुस्थान’ या नावाचा चित्रमय भिंतकागद काढला. थॉमस आणि विल्यम डॅनिएल यांनी आपल्या भारतप्रवासावरून प्रसिद्ध केलेल्या चित्रसंग्रहातील दृश्ये त्याला आधार होती. त्या दोघांनी जागेवर रेखाटने करताना अंधारपेटीच्या यंत्राचे साह्य घेतले होते. म्हणजे छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीच भिंगातून उतरलेले भारताचे रूप युरोपीय दिवाणखान्याच्या भिंतीवर पोहोचले. परंतु भिन्न प्रांतांतील वास्तू त्या कागदावर एकाच सलग भूदृश्यात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. डॅनिएलांच्या संग्रहात प्रत्येक चित्राला स्थळाचे नाव होते. भिंतीवर ते नाव गळाले. शोभा वाढली आणि भूगोल नाहीसा झाला.

अजिंठ्याची हकीगत अधिक गुंतागुंतीची आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या स्फटिकगृहातील आगीत जळाल्या. त्यानंतर १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. त्यांतील अनेक १८८५ साली पुन्हा आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या, आणि उरलेल्या सामग्रीच्या आधारे १८९६-९७ साली ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. भारतीय विद्यार्थ्यांना स्वदेशीय नक्षीचे नमुने मिळावेत, हा या उद्योगामागील एक हेतू होता. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि प्रतिकृती स्पष्ट दिसाव्यात म्हणून मूळ चित्रांवर रोगण चढविण्यात आले, आणि ते पुढे चित्रांना बाधक ठरले, हेही तितकेच खरे. प्रतिकृतीच्या हव्यासाने मूळ भिंतीलाच इजा पोहोचली.

त्याच अजिंठ्यात एक सूक्ष्म गोष्ट पाहण्यासारखी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यांच्या छतांवर चौकटींची मांडणी नियमित आहे. पण चौकटीतील फळे, फुले, पक्षी व प्राणी बदलत राहतात. आवर्तन चौकटीचे आहे, आशयाचे नाही. छंदाचा गण तोच राहावा आणि शब्द बदलत जावेत, असे हे आहे. संगणकीय छपाईने आवर्तनाचे बंधन काढून टाकले, त्याचा खरा उपयोग या दिशेने करता येईल. बुवापाड्यातील शंभर खिडक्यांची शंभर छायाचित्रे एकाच मापाच्या चौकटींत बसविली, तर भिंतकागदाची लय राहील आणि प्रत्येक खिडकीचे विशेषनामही राहील. जुन्या ठशाला हे साधणे अतिशय खर्चाचे होते. आजच्या यंत्राला ते सहजसाध्य आहे.

७

आणखी एका आक्षेपाचा विचार करणे अवश्य आहे. भाषेत विशेषनामे सामान्यनामे होतात आणि त्याबद्दल कोणी शोक करीत नाही. मग चित्रांबाबतच ही खंत कशाला? या प्रश्नाचे उत्तर वारली चित्रकलेच्या वाटचालीत सापडते. विवाहप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर चौक लिहीत. त्यात पालघट देवीचे स्थान असे. तो चौक त्या घराचा, त्या लग्नाचा असे. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी हीच चित्रभाषा कागदावर व कापडावर आणून तिच्यातून स्वतःचे कथन घडविले. भिंत सुटली, पण कर्त्याचे नाव जोडले गेले. एक विशेषनाम गेले आणि त्याच्या जागी दुसरे आले. पुढे ते त्रिकोणी देह आणि तारप्याभोवतीचे वर्तुळ पडद्यांवर, पेल्यांवर, कागदांवर इतके फिरले की त्यांत ना घर उरले ना कर्ता. वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशन म्हणून २०१४ साली झालेली नोंदणी ही एका अर्थाने गळालेले नाव परत जोडण्याची कायदेशीर धडपड होय.

‘पैठणी’ या शब्दाचे मोल येथे कळते. वस्त्र येवल्यात विणले, कोठेही नेसले, तरी पैठण त्या शब्दात शाबूत आहे. सामान्यनाम होऊनही त्याने आपले मूळ टाकले नाही. नारदाची तशी सोय झाली नाही. कळलाव्याला नारद म्हणणाऱ्याला देवर्षीचे स्मरण असतेच असे नाही. अर्थात सामान्यीकरणाचे दोन प्रकार आहेत : एक मूळ वागविणारा, दुसरा मूळ विसरविणारा. समीक्षेने छायाचित्राधारित भिंतरचनेला हाच प्रश्न विचारावयास हवा.

८

वरील विवेचनातून परीक्षणाचे काही निकष निष्पन्न होतात. मालिकेतील प्रत्येक रचना साक्ष म्हणून उभी आहे की नक्षी म्हणून, हे कर्त्याने स्वतःशी ठरविलेले असावे. नक्षी असेल, तर तिच्यातील अपघात आणि एकदिश प्रकाश दूर झालेले असावेत. भित्तिचित्र असेल, तर ते अपघात राखलेले असावेत आणि भिंत, खिडकी व पाहणाऱ्याचे अंतर यांचा हिशेब झालेला असावा. दोन्ही प्रकारांत मूळ छायाचित्राबरोबर स्थळ, दिनांक, घटका आणि दिशा यांची नोंद ठेवलेली असावी, आणि रचनेच्या नावात त्या स्थळाचे नाव असावे. कागदाच्या कडेला, कापल्या जाणाऱ्या पट्टीवर नव्हे तर भिंतीवर राहणाऱ्या भागात, ते नाव छापणे मुळीच अवघड नाही.

ही अखेरची सूचना काहींना क्षुल्लक वाटेल. पण अंबरनाथचा दगड दर पावसाळ्यात झिजत आहे, आणि बुवापाड्यासारख्या वस्त्यांतील कौलारू घरांच्या जागी इमारती येण्यास दगड झिजण्याइतका वेळ लागत नाही. १८६८ साली कलाशाळेच्या तुकडीने घेतलेली छायाचित्रे त्या काळी शिक्षणाचे साहित्य होती. आज ती मंदिराच्या तत्कालीन अवस्थेची साक्ष आहेत. त्यांना हे मूल्य आले ते त्यांवर स्थळाचे नाव आणि वर्ष होते म्हणून. आज एखादा विद्यार्थी मालिकेसाठी जी भिंत टिपतो, ती भिंत त्याच्या हयातीतच नाहीशी होण्याचा संभव आहे. मग त्या भिंतीविषयी जे काही उरेल ते त्याच्या छायाचित्रात उरेल, आणि ते कोणत्या भिंतीचे हे सांगणारी एक ओळ त्याने लिहून ठेवली असेल, तरच त्याचा उपयोग होईल.